देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे गुण : तुलनेचे तक्ते कसे वाचावेत

५ डिसेंबर २०२३ रोजी ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल जाहीर झाले. गणितात सिंगापूरची सरासरी ५७५, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांची मिळून ४७२, अमेरिकेची ४६५ आणि यादीत सर्वांत खाली असलेल्या कंबोडियाची ३३६ अशी होती. असे आकडे आले की त्यांची कारणे सांगणाऱ्यांची वाण नसते. कोणी पूर्व आशियाई मुलांच्या कष्टाळूपणाकडे बोट दाखवतो, कोणी फिनलंडच्या शिक्षकांकडे, तर कोणी सरकारी खर्चाकडे. आणि आपल्याकडच्या शिक्षक-प्रशिक्षणांत, पालकसभांत व वर्तमानपत्री लेखांत ही कारणे जशीच्या तशी उचलली जातात. पुढील विवेचन शिक्षक, पालक, पत्रकार आणि शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी यांना असे तक्ते स्वतः तपासून वाचता यावेत यासाठी आहे. दोन देशांच्या गुणांत फरक दिसतो तेव्हा त्यातला काही भाग मोजण्याच्या पद्धतीतून आलेला असतो, काही घरच्या परिस्थितीतून आणि काही शाळेतून. हे तीन भाग याच क्रमाने वेगळे करत जावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण पहिल्या दोहोंचा हिशोब न करता थेट शाळेवर बोलू लागले की बहुतेक निष्कर्ष चुकतात.

चाचणी कोणती आहे, ते आधी पाहावे

बातमीत नुसते ‘आंतरराष्ट्रीय चाचणी’ असे लिहिलेले असले, तरी अशा चाचण्या एकापेक्षा अधिक आहेत आणि त्यांचे हेतू निरनिराळे आहेत. ‘पिसा’ ही ओईसीडी, म्हणजेच आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, २००० सालापासून साधारण दर तीन वर्षांनी घेत आली आहे. कोविडमुळे २०२१ची फेरी २०२२मध्ये झाली आणि तिच्यात ८१ देश व प्रदेश सहभागी झाले. ती वाचन, गणित आणि विज्ञान या तीन क्षेत्रांत घेतली जाते आणि तिच्यासाठी मुले वयानुसार निवडली जातात : पंधरा वर्षे तीन महिने ते सोळा वर्षे दोन महिने. मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे तिथे गौण असते. याउलट ‘टिम्स’ ही चाचणी आयईए ही शैक्षणिक मूल्यमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९९५पासून दर चार वर्षांनी घेते आणि तिच्यात इयत्ता चौथी व आठवीच्या मुलांना गणित आणि विज्ञान विचारले जाते. चौथीच्या मुलांच्या वाचनासाठी याच संस्थेची ‘पर्ल्स’ ही चाचणी आहे.

हा फरक केवळ कागदोपत्री नाही. पिसाने खुल्या केलेल्या प्रश्नांपैकी एक चालण्यावरचा आहे. वाळूत उमटलेल्या पावलांचे चित्र दिलेले असते आणि पुरुषांच्या चालण्यासाठी एक ढोबळ सूत्र दिलेले असते : मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या भागिले एका पावलाची मीटरमधील लांबी बरोबर १४०. हायको नावाचा माणूस मिनिटाला ७० पावले टाकतो, तर त्याच्या पावलाची लांबी किती? उत्तर अर्धा मीटर. पुढच्या उपप्रश्नात पावलाची लांबी ०.८० मीटर दिलेली असते आणि चालण्याचा वेग आधी मीटर प्रतिमिनिट व नंतर किलोमीटर प्रतितास यांत विचारलेला असतो. यातले बीजगणित आपल्या आठवीच्या मुलाला जड नाही. अडचण येते ती परिच्छेद वाचून, दिलेल्या दोन राशींपैकी कोणती कुठे घालायची हे ठरवण्यात आणि एककांचे रूपांतर करण्याची गरज ओळखण्यात. टिम्स मात्र सहभागी देशांच्या अभ्यासक्रमांत जे सामाईक आहे, त्याच्या जवळ राहते आणि तिच्यातील बरेच प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांसारखे थेट असतात.

म्हणूनच एकाच देशाचे स्थान दोन चाचण्यांत वेगळे निघू शकते. टिम्स २०१९मध्ये आठवीच्या गणितात रशियाला ५४३ आणि न्यूझीलंडला ४८२ गुण मिळाले. म्हणजे रशिया फार पुढे. त्याच्या आदल्याच वर्षी, पिसा २०१८च्या गणितात, रशियाला ४८८ आणि न्यूझीलंडला ४९४ गुण होते. रशियन शाळा औपचारिक गणित कसून शिकवतात आणि न्यूझीलंडमध्ये व्यवहारातल्या प्रसंगांवर अधिक भर असतो, हे त्या दोन्ही ठिकाणी सर्वमान्य आहे. ‘गणितात कोण पुढे?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या गणितात, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न अपुराच राहतो. तक्ता हाती आला की चाचणीचे नाव, वर्ष, विषय आणि वय किंवा इयत्ता या चार गोष्टी प्रथम टिपून ठेवाव्यात. यांपैकी एक जरी जुळत नसेल, तर दोन देशांचे ते आकडे शेजारी मांडू नयेत.

परीक्षेला कोण बसले होते

माझ्या मते सर्वांत अधिक वेळ याच प्रश्नावर घालवावा आणि नेमका हाच प्रश्न बातम्यांत सर्वांत कमी विचारला जातो.

पिसा शाळेत शिकणाऱ्या मुलांची चाचणी घेते. ज्या देशात पंधराव्या वर्षापर्यंत बरीच मुले शाळा सोडून शेतावर, कारखान्यात किंवा घरकामात गेलेली असतात, तिथे शाळेत टिकून राहिलेली मुलेच मोजली जातात. व्हिएतनामचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २०१२मध्ये हा तुलनेने गरीब देश पहिल्यांदा पिसात उतरला आणि गणितात ५११, विज्ञानात ५२८ गुण मिळवून त्याने अमेरिका व ब्रिटन यांना मागे टाकले. जगभर त्याचे कौतुक झाले. मात्र त्या वेळी व्हिएतनाममधील पंधरा वर्षांच्या एकूण मुलांपैकी ५६ टक्केच या चाचणीच्या कक्षेत येत होती, आणि २०१५मध्ये हे प्रमाण ४९ टक्के होते. २०२२मध्ये ते ६८ टक्क्यांवर गेले तेव्हा गणिताची सरासरी ४६९ आली. व्हिएतनामच्या शिक्षकांचे श्रेय यामुळे नाहीसे होत नाही, कारण जी मुले शाळेत होती ती खरोखरच उत्तम शिकत होती आणि तेवढ्या उत्पन्नाच्या इतर देशांपेक्षा फार पुढे होती. पण ५११ हा आकडा ‘व्हिएतनामी मुलांचा’ नव्हता. तो शाळेत उरलेल्या व्हिएतनामी मुलांचा होता.

तुर्कस्तानात याच्या उलट घडले. २००३मध्ये तेथील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ३६ टक्के पिसाच्या कक्षेत होती. २०१८पर्यंत हे प्रमाण ७३ टक्के झाले. पूर्वी जी मुले शाळेबाहेर राहिली असती, अशी गरीब घरांतली लाखो मुले वर्गात आली, आणि तरीही गणिताची सरासरी ४२३वरून ४५४वर गेली. वरवर पाहता ही वाढ बेताची वाटते. परीक्षेला कोण बसले हे जमेस धरले, तर ती गेल्या दोन दशकांतल्या मोठ्या शैक्षणिक यशांपैकी एक ठरते. शाळाबाह्य मुले वर्गात येत असताना सरासरी नुसती टिकून राहणे हीसुद्धा प्रगतीच असते, आणि ज्या देशांत शिक्षणाचा प्रसार अद्याप पूर्ण झालेला नाही त्यांच्याबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

चीनच्या आकड्यांत भूगोलाचा प्रश्न येतो. २००९ आणि २०१२मध्ये एकटे शांघाय शहर चाचणीत होते. २०१२मध्ये त्याला गणितात ६१३ गुण होते. शांघायमध्ये बाहेरच्या प्रांतांतून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने राहतात, पण घरनोंदणीच्या नियमांमुळे त्यांतल्या अनेकांना पुढच्या शिक्षणासाठी मूळ गावी परतावे लागत असे, आणि त्यामुळे ती मुले पंधराव्या वर्षी शहरात नसत. २०१५मध्ये बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि ग्वांगडोंग असे चार प्रदेश घेतले, तेव्हा गणिताची सरासरी ५३१ आली. २०१८मध्ये ग्वांगडोंगच्या जागी झेजिआंग आला आणि सरासरी एकदम ५९१ झाली. तीन वर्षांत ६० गुणांची झेप कोणत्याही शिक्षणपद्धतीला घेता येत नाही. चौथा प्रांत बदलल्याचा त्यात मोठा वाटा होता. तरीही वृत्तपत्रांत दोन्ही वेळा ‘चीन’ असेच छापून आले.

सिंगापूरबद्दलही इतके ध्यानात असावे की ते साठ लाखांच्या आसपास लोकवस्तीचे शहर-राष्ट्र आहे. दहावीच्या निकालात कोकण विभागाची टक्केवारी साऱ्या राज्याच्या टक्केवारीशेजारी ठेवून जसा निष्कर्ष काढता येत नाही, तसाच सिंगापूर आणि इंडोनेशिया यांचाही काढता येत नाही.

श्रीमंत देशांतही नमुन्याचे प्रश्न असतात. तीव्र अपंगत्व किंवा चाचणीच्या भाषेचे अपुरे ज्ञान अशा कारणांनी काही मुलांना वगळण्याची मुभा आहे, पण ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे असा नियम आहे. २०१८मध्ये स्वीडनने सुमारे ११ टक्के मुले वगळली आणि त्यावरून त्या देशात मोठा वाद झाला. २०२२मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, डेन्मार्क अशा अनेक देशांच्या नावापुढे अहवालातच तारका (*) आहे. नमुन्याचे एक किंवा अधिक निकष पूर्ण झाले नाहीत, असा तिचा अर्थ. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा वाचायला कंटाळू नये.

इयत्तेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. जपानमध्ये मुलांना नापास करून मागे ठेवत नाहीत, त्यामुळे पिसाला बसणारी जवळपास सर्व मुले एकाच इयत्तेत असतात. ब्राझीलमध्ये त्याच वयाची मुले अनेक इयत्तांत विखुरलेली असतात. टिम्समध्ये वेगळीच गोष्ट घडते : दक्षिण आफ्रिका आणि नॉर्वे यांनी अलीकडच्या फेऱ्यांत चौथी-आठवीऐवजी पाचवी-नववीची मुले बसवली आहेत.

क्रमांक बाजूला ठेवावा

पिसाची मापनपट्टी सुरुवातीला अशी आखली होती की ओईसीडी देशांची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, १०० यावे. हे गुण शंभरपैकी नाहीत किंवा हजारपैकीही नाहीत. ५७५ म्हणजे इतकी उत्तरे बरोबर, असा अर्थ नाही. साधारण वीस गुणांचा फरक हा एका शालेय वर्षाच्या शिक्षणाइतका मानावा, असे ओईसीडी सांगते. हे माप ढोबळ आहे, पण आकड्यांची कल्पना येण्यास पुरेसे आहे.

प्रत्येक सरासरी काही हजार मुलांच्या नमुन्यावरून काढलेली असते, आणि शिवाय प्रत्येक मूल सर्व प्रश्नांपैकी काहीच प्रश्न सोडवते. त्यामुळे प्रत्येक देशाच्या आकड्याला साधारण दोन-तीन गुणांची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता, चिकटलेली असते. २०२२च्या गणितात बेल्जियम, डेन्मार्क, ब्रिटन आणि पोलंड या चौघांची सरासरी ४८९; ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया आणि चेकिया यांची ४८७; स्लोव्हेनियाची ४८५ आणि फिनलंडची ४८४. पाच गुणांच्या पट्ट्यात नऊ देश आहेत. यादीत फिनलंड या सर्वांच्या खाली दिसतो. मात्र बेल्जियम आणि फिनलंड यांच्यातला फरक त्रुटीच्या मर्यादेतच मावतो, आणि नवव्या क्रमांकाच्या देशाने पहिल्याकडून धडे घ्यावेत असे म्हणायला येथे कोणताच आधार नाही. अमुक देश इतक्या क्रमांकांनी घसरला, अशी बातमी दिसली की क्रमांक विसरून गुण किती बदलले ते शोधावे. बदल पाच गुणांच्या आत असेल, तर त्यावर मत बनवू नये.

दीर्घ काळाचा कल मात्र विश्वासार्ह असतो. फिनलंडची गणिताची सरासरी २००३मध्ये ५४४, २००६मध्ये ५४८, २०१२मध्ये ५१९, २०१८मध्ये ५०७ आणि २०२२मध्ये ४८४ अशी उतरत आली आहे. ही घसरण नमुन्याच्या त्रुटीने समजावता येत नाही. तिची सुरुवात कोविडच्या पुष्कळ आधी झालेली आहे, हेही या आकड्यांवरूनच दिसते.

मुलांनी किती मनापासून सोडवले

पिसाच्या गुणांवर मुलाचे काहीही अवलंबून नसते. त्याला स्वतःचे गुण कळतसुद्धा नाहीत. अशा वेळी सगळीकडची मुले सारख्याच निष्ठेने लिहितील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने अमेरिका आणि शांघाय येथील काही शाळांत हे तपासून पाहिले. पंचवीस प्रश्नांची छोटी चाचणी सुरू होण्याच्या अगदी आधी काही मुलांना पंचवीस डॉलर किंवा तेवढ्याच मोलाचे युआन दिले आणि प्रत्येक चुकलेल्या किंवा सोडलेल्या प्रश्नामागे एक डॉलर परत घेतला जाईल असे सांगितले. पैशाची गोष्ट आधी माहीत नसल्याने अभ्यास करण्याची संधी कोणालाच नव्हती. बदलणार होता तो केवळ त्या वेळचा प्रयत्न. अमेरिकी मुलांचे गुण वाढले. शांघायच्या मुलांच्या गुणांत फरक पडला नाही, कारण ती आधीच पूर्ण जोर लावून सोडवत होती. दोन्ही देशांतल्या अंतराचा काही भाग ज्ञानाचा नसून प्रयत्नाचा आहे, असा याचा सरळ अर्थ निघतो.

स्पेनमध्ये २०१८च्या वाचनाचे निकाल ओईसीडीने सुरुवातीला प्रसिद्धच केले नाहीत. वाचनाच्या ओघासाठी काही सोपी वाक्ये देऊन ती अर्थपूर्ण आहेत की नाहीत, एवढेच विचारले जात होते. ‘विमाने कुत्र्यांपासून बनवलेली असतात’ हे त्यांतले एक. काही भागांतल्या मुलांनी वाक्य वाचणे अशक्य व्हावे इतक्या वेगाने बटणे दाबत हा भाग उरकला होता. त्या भागांत त्याच सुमारास मुलांच्या महत्त्वाच्या परीक्षा होत्या, असे पुढे निदर्शनास आले. आकडे अखेर २०२०मध्ये जाहीर झाले. चाचणी कोणत्या दिवसांत घेतली, हा प्रश्नसुद्धा विचारावा लागतो तो यासाठी.

घरातून येणारा फरक

इथपर्यंत मोजमापाचा भाग झाला. आता उरलेल्या अंतरातून घरचा वाटा काढावा. ओईसीडी देशांत २०२२मध्ये आर्थिक-सामाजिक स्थितीने सर्वांत वरच्या चतुर्थांशातली मुले आणि सर्वांत खालच्या चतुर्थांशातली मुले यांच्यात गणिताचे सरासरी ९३ गुणांचे अंतर होते. वर दिलेल्या ढोबळ मापाने हे चार वर्षांहून अधिक शिक्षणाइतके आहे, आणि बऱ्याच देशादेशांतल्या अंतरापेक्षा मोठे आहे. कोणत्याही दोन देशांची तुलना करताना त्यांच्या सरासरीसोबत त्यांच्या गरीब मुलांची एकमेकांशी आणि सुस्थितीतल्या मुलांची एकमेकांशी तुलना अहवालात शोधावी. ती तिथे असते. एस्टोनिया युरोपात अग्रभागी का आहे, याचे निम्मे उत्तर अशा तक्त्यात सापडते : तिथल्या गरीब घरातल्या मुलांचे गुण फारसे खाली जात नाहीत.

पैशाचे परिणाम मर्यादेपर्यंत दिसतात. वयाच्या सहाव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत एका मुलावर होणारा एकूण खर्च सुमारे ७५,००० डॉलरपर्यंत पोचेतो खर्च आणि गुण एकत्र वाढताना आढळतात. त्यापुढे हा संबंध विरतो. यावरून गरीब देशांनी पैसा खर्च करू नये असा निष्कर्ष काढणारे लेख वाचले की वाईट वाटते, कारण भारतासारखे देश त्या मर्यादेच्या फार खाली आहेत आणि तिथे वर्गखोली, शिक्षक आणि पुस्तके यांवरच्या खर्चाचा उपयोग संपलेला नाही.

भाषेचा मुद्दा आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेत बहुसंख्य मुले पहिली तीन वर्षे घरच्या भाषेत शिकतात आणि चौथीपासून इंग्रजीत. टिम्सची प्रश्नपत्रिका त्यांना इंग्रजीत किंवा आफ्रिकान्समध्ये सोडवावी लागते. २०१९मध्ये तिथल्या नववीच्या मुलांची गणिताची सरासरी ३८९ होती. त्यातला गणिताचा भाग किती आणि भाषेचा किती, हे त्या एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

मग ‘संस्कृती’ काहीच करत नाही का? करते, पण तिचे नाव घेण्यापूर्वी ती दिवसाच्या कोणत्या तासांत काय करते, ते सांगता आले पाहिजे. दक्षिण कोरियात शाळेनंतर ‘हागवॉन’ म्हणवल्या जाणाऱ्या खासगी शिकवण्या इतक्या उशिरापर्यंत चालत की सोलमध्ये त्यांच्यावर रात्री दहानंतर बंदी घालावी लागली. जपानमध्ये ‘जुकू’ आहेत. चीनने २०२१मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवरच निर्बंध आणले. या देशांचे गुण केवळ शाळांच्या नावे लिहिणे उचित नाही. ऑस्ट्रेलियातील २०१२च्या आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात पूर्व आशियाई स्थलांतरितांची तिथेच जन्मलेली मुले गणितात इतर ऑस्ट्रेलियन मुलांच्या शंभराहून अधिक गुण पुढे आढळली. ही मुले ऑस्ट्रेलियन शाळांतच शिकत होती. त्यांतल्या काहींना चांगल्या शाळा मिळाल्या होत्या, हे त्याच अभ्यासात नोंदले आहे. तरीही एवढे अंतर शाळेतून येणे शक्य नव्हते. शिकवणी, पालकांच्या अपेक्षा आणि अभ्यासाला दिलेला वेळ यांचा त्यात हिस्सा होता. कष्टाळूपणा रक्तात असतो, असे म्हणण्याला मात्र यातून काहीही आधार मिळत नाही.

शाळेचा वाटा कसा ओळखावा

शाळेचा परिणाम ओळखण्याची त्यातल्या त्यात भरवशाची रीत म्हणजे एकाच देशाने एखादी गोष्ट बदलल्यानंतर त्याच देशाचे गुण कसे बदलले, हे पाहणे. समाज, भाषा आणि घरे तीच राहतात. बदलते ती व्यवस्था.

पोलंडने १९९९मध्ये आठ वर्षांची प्राथमिक शाळा मोडून सहा वर्षांची प्राथमिक आणि तीन वर्षांची ‘गिमनाझ्युम’ अशी रचना केली. त्यामुळे जी मुले पूर्वी पंधराव्या वर्षी व्यवसायशिक्षणाकडे वळवली जात, त्यांना आणखी एक वर्ष सर्वांबरोबर भाषा, गणित आणि विज्ञान शिकता आले. वाचनाची सरासरी २०००मध्ये ४७९, २००३मध्ये ४९७ आणि २००६मध्ये ५०८ झाली, आणि सर्वाधिक लाभ पूर्वी लवकर बाजूला काढल्या जाणाऱ्या मुलांनाच झाल्याचे संशोधकांना आढळले. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांना वेगवेगळ्या दर्जाच्या शाळांत वाटले जाते. पिसाच्या पहिल्या फेरीचे निकाल डिसेंबर २००१मध्ये आले, तेव्हा वाचनात ४८४ गुण मिळालेल्या जर्मनीला आपण सरासरीच्या खाली आहोत याचा धक्का तर बसलाच. त्याहून मोठा धक्का गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांमधले अंतर किती प्रचंड आहे, हे कळल्याचा होता. त्यानंतर सर्व राज्यांसाठी समान शैक्षणिक मानके ठरली आणि पूर्ण वेळच्या शाळा वाढवल्या गेल्या. २०१२पर्यंत गणिताचे गुण ५१४ झाले. २०२२मध्ये ते ४७५वर आले आहेत, म्हणून सुधारणा एकदा केली की ती टिकतेच असे मानू नये.

फिनलंडच्या बाबतीत काळाचा हिशोब सर्वांत जास्त चुकवला जातो. २०००च्या पिसाला बसलेली फिनिश मुले सातव्या वर्षी, म्हणजे १९९१च्या सुमारास शाळेत गेली होती. त्यांचे शिक्षक त्याआधी तयार झालेले होते, आणि शालेय तपासणी व पाठ्यपुस्तकांना पूर्वमंजुरी ही नियंत्रणे तिथे १९९०च्या दशकाच्या आरंभीच उठली होती. शिक्षकांना पदव्युत्तर पदवी आवश्यक करण्याचा निर्णय १९७९चा, आणि सर्वांसाठी एकच शाळा ही सुधारणा १९७०च्या दशकातली. जगभरातली शिष्टमंडळे २००५नंतर तिथे गेली आणि तेव्हाच्या शाळांत जे दिसले, त्याला त्यांनी यशाचे कारण ठरवले. त्या काळात शाळेत प्रवेश घेतलेल्या मुलांचे गुण नंतर खालीच आले. कोणत्याही देशाचे अनुकरण करायचे ठरल्यास त्याच्या आजच्या गुणांचे श्रेय दहा ते वीस वर्षांपूर्वीच्या धोरणांकडे जाते की आजच्या, हे आधी तपासावे.

भारताचे आकडे वाचताना

भारतातील फक्त तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये पिसात उतरली, तीही २००९च्या फेरीच्या २०१०मध्ये झालेल्या विस्तारात. डिसेंबर २०११मध्ये आलेल्या अहवालात ७४ सहभागींमध्ये त्यांचे स्थान तळाशी होते. गणितात त्यांच्या खाली केवळ किर्गिझस्तान होता. तामिळनाडूला गणितात ३५१ आणि हिमाचलला ३३८ गुण मिळाले. प्रश्न भारतीय मुलांच्या परिचयाचे नव्हते, असा आक्षेप सरकारकडून घेतला गेला आणि पुढच्या फेऱ्यांपासून भारत दूर राहिला. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही, पण एवढे मोठे अंतर अपरिचित संदर्भांनी भरून निघत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. नंतर २०२१च्या फेरीसाठी चंडीगड, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांची निवड झाली होती. कोविडमुळे तो सहभाग घडला नाही. तो घडला असता, तर प्रवेशपरीक्षेने मुले निवडणाऱ्या नवोदय विद्यालयांचा समावेश असलेला आकडा ‘भारताचा’ म्हणून छापला गेला असता, आणि शांघायची गोष्ट आपल्याकडे पुन्हा घडली असती.

सरासरीने लपणारी बाब दुसऱ्या एका अभ्यासात दिसते. २००५मध्ये राजस्थान आणि ओडिशा येथील नववीच्या मुलांना टिम्सचे खुले झालेले प्रश्न देण्यात आले. सरासरी फार खाली होती, पण वरची आणि खालची मुले यांच्यातले अंतर टिम्सच्या देशांत दक्षिण आफ्रिका सोडल्यास कुठेही नव्हते इतके मोठे होते. भारताबद्दल लिहिताना सरासरीशेजारी हा पसारा दिला नाही, तर ऑलिंपियाडची पदके आणि तळाचा क्रमांक या दोन्ही गोष्टी एकाच देशात कशा असतात, हे वाचकाला उमगत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी किंवा शाळेसाठी उपयोग करायचा असेल, तर परदेशांपेक्षा देशातल्याच चाचण्या वर्षानुवर्षे वाचणे अधिक फलदायी आहे. ‘प्रथम’ या संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून, तोंडी होते. त्यामुळे शाळाबाह्य मूलही त्यात येते. शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४मध्ये त्याचे नाव ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झाले) शाळेत आणि इयत्तेनुसार होते. या दोहोंचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एकाच साधनाचे, एकाच राज्याचे निरनिराळ्या वर्षांचे आकडे पाहावेत. वर्गात प्रत्यक्ष काही करून पाहायचे असल्यास पिसा आणि टिम्स यांचे खुले प्रश्न त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. त्यांतले सात-आठ प्रश्न साध्या मराठीत उतरवून नववीच्या वर्गाला द्यावेत आणि तपासताना गुणांची बेरीज करण्याऐवजी प्रत्येक प्रश्नापुढे तीन संख्या मांडाव्यात : किती मुलांनी तो कोरा सोडला, किती जणांनी सूत्र बरोबर निवडूनही एककात चूक केली आणि किती जणांना प्रश्नच कळला नाही. हीच नोंद पुढच्या वर्षी त्याच प्रश्नांवर पुन्हा करावी.